ज्याचा वळ, त्याचं तेल

सटवाई मनकर्णाच्या स्वप्नात कधीच आली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं सगळ्या गावानं त्या स्वप्नावर विश्वास ठेवला आणि सहा वर्षं दर शुक्रवारी कयाधू नदीच्या घाटावर लेकरं धुतली. स्वप्न मनकर्णानं स्वतः रचलं होतं, जात्यावर बसून, पायलीभर ज्वारी दळता दळता. देवीच्या तोंडी कोणता शब्द घालायचा हेही तिनं तोलून पाहिलं होतं. आणि हा खटाटोप गावाच्या भल्यासाठी मुळीच नव्हता. तिला एका बाईची मान चारचौघींत खाली घालायची होती.

ती बाई म्हणजे मंजुळाबाई, मनकर्णाची सावत्र आई.

मनकर्णा पाच वर्षांची असताना तिची आई गेली, आणि वर्षाच्या आत बाप सोनाजीनं मंजुळाबाईला घरात आणलं. मंजुळाबाई तेव्हा वीस-एक वर्षांची असेल. हात सढळ होता तिचा, पण फक्त मारायला. मनकर्णा सात वर्षांची असताना एक दिवस मंजुळाबाई तव्यावर भाकर टाकून पाण्याला गेली आणि पोरीला चुलीपाशी बसवून गेली. तेवढ्यात वेशीवरून लमाणांचे बैल निघाले, पाठीवर मिठाच्या गोण्या, गळ्यात घुंगरं. पोर धावली बघायला. परत आली तेव्हा भाकरीचा कोळसा झालेला आणि मंजुळाबाई दारात उभी. तिनं आरडाओरडा केला नाही. उलथनं निखाऱ्यात धरलं, लाल होऊ दिलं आणि पोरीच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध ठेवलं. "भाकरीला कसं लागलं असंल ते बघ," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बाप शेतातून आला तेव्हा पोरीकडून घोकून घेतलेलं उत्तर तयार होतं. "चुलीत हात गेला." बापानं एकदाच विचारलं, शेजारणींनी एकदाच विचारलं. सगळ्यांना ते उत्तर सोयीचं होतं. मनकर्णाला डागापेक्षा त्या उत्तराचा राग जास्त होता. डाग दुसऱ्यानं दिला होता. उत्तर मात्र तिच्या स्वतःच्या तोंडातून गेलं होतं.

पुढं डोंगरकडा गावात लग्न झालं, बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात लेकरू नाही. सासरच्यांनी माहेरची वाट दाखवली. माहेरी सोनाजी मरून गेलेला आणि दारात मंजुळाबाई. "इथं जागा न्हाई," ती म्हणाली. तेव्हा गावची म्हातारी सुईण रुख्मिणीबाई हिनं मनकर्णाला आपल्या खोपटात घेतलं आणि हाताखाली शिकवलं. रुख्मिणीबाई गेली तेव्हा गावची बाळंतपणं आपसूक मनकर्णाकडं आली. हात हलका, जीभ जड, असं बाया तिच्याबद्दल म्हणत. एक गोष्ट मात्र कुणाला उमगत नसे. भर उन्हाळ्यातसुद्धा ती मनगटापर्यंतच्या बाह्यांची चोळी घाली, आणि लेकराला न्हाऊ घालताना उजवी बाही वर सारी, डावी कधीच नाही.

मंजुळाबाईला नवसानं झालेला मुलगा होता, सटवाजी. सटवाईला नवस बोलून झाला म्हणून सटवाजी. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मनकर्णाच्याच हातात. पोरगी वाचली. जगावी म्हणून तिचं नाव भिका ठेवलं. सटवाजीनं दुसरं लग्न केलं नाही. तो हिंगोलीला जिनिंगवर कामाला राहिला, महिन्यातून एकदा यायचा, आणि पोर आजीच्या हाती पडली. सव्वा महिना न्हाऊ घालून मनकर्णानं ते लेकरू मंजुळाबाईच्या ओटीत दिलं. कोणाच्या ओटीत देतोय हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

भिका चार वर्षांची असताना मनकर्णाला ती पाणवठ्याच्या वाटेवर दिसली. पोर मुकाट उभी होती आणि एका हातानं अंगातल्या कुडत्याची बाही सारखी खाली ओढत होती. मनकर्णा जागीच थबकली. ही बाही ओढायची तऱ्हा तिची स्वतःची होती.

"काय झालं गं हाताला?" तिनं विचारलं.

"पडले," भिका म्हणाली. घोकलेलं उत्तर मनकर्णाला बरोबर ऐकू आलं.

त्या दिवशी तिनं दळण मांडलं आणि स्वप्न रचलं. कुणाच्या घरात शिरून भांडावं तर "सुईणीनं आपलं काम करावं" असं लोक म्हणाले असते. पाटलाकडं जावं तर पाटील म्हणाला असता, आजी नातीला मारणार नाही तर काय पुजणार? मंजुळाबाई माणसाला भ्यायची नाही. साऱ्या जगात ती एकीलाच भ्यायची, जिनं तिला मुलगा दिला त्या सटवाईला. मनकर्णानं नेमकी तीच नस धरली.

आदल्याच साली पटकीनं गावातली अकरा लेकरं नेली होती. बायांच्या मनात भीती ताजी होती. शुक्रवारी सकाळी मनकर्णा केस मोकळे सोडून घाटावरच्या शेंदऱ्या सटवाईपुढं बसली आणि बाया जमल्यावर म्हणाली, "देवी आली व्हती. म्हणली, पाचवीला मी लेकराच्या कपाळी लिहिते. माझ्या लिखाणावर दुसऱ्या कुणी रेघा वढायच्या न्हाईत. दर शुक्रवारी लेकरं माझ्यापुढं उघडी करून धुवा, मला बघू द्या."

"आन् रेघ दिसली तं?" एकीनं भीत भीत विचारलं.

"ज्याचा वळ, त्याचं तेल," मनकर्णा म्हणाली. "ज्याच्या हातानं वळ उठला, त्यानंच आपल्या हातानं समद्यांसमोर त्यावर तेल लावायचं. न्हाई लावलं तं मंग देवी हाय आन् ते घर हाय."

हे शेवटचं वाक्य तिनं खास मंजुळाबाईच्या मापाचं शिवलं होतं.

बाया लेकरं घेऊन येऊ लागल्या. दहा झाली, वीस झाली, ओल्या अंगाची, थंडीनं कुडकुडणारी, एकमेकांवर पाणी उडवणारी. मनकर्णा दगडावर बसे, करडईच्या तेलाची बुधली मांडीशी घेई आणि एकेक लेकरू पालथं-उताणं करून बघे, आणि कोरं निघालं तर स्वतःच अंगाला तेल चोळून सोडी. मंजुळाबाई दोन शुक्रवार आली नाही. तिसऱ्या आठवड्यात शेजारणींनीच तिच्या दारात जाऊन कटकट केली. "तुझ्यापायी देवी गावावर कोपायची हाय का, मंजुळाबाई?" मग ती आली, भिकाला दंडाला धरून ओढत.

कुडतं निघालं. पोरीच्या पाठीवर तुरीच्या काटकीचे चार वळ होते, दंडावर चिमट्यांचे निळे डाग.

मनकर्णाचं काळीज आनंदानं उडालं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. पोरीची पाठ बघून तिला आधी आनंदच झाला.

"पडली ती," मंजुळाबाई म्हणाली.

"पालथी पडली का उताणी?" मनकर्णानं शांतपणे विचारलं. "चार येळा पडली व्हय? मला नगं, देवीला सांग. म्या तुझी कोण?"

मंजुळाबाईनं शेंदराच्या दगडाकडं बघितलं आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. ती खाली बसली. बुधलीतून तेल घेतलं. भिका मार बसणार म्हणून आकसली, आणि पाठीवर तेलाचा हात फिरायला लागला तशी गोंधळून आजीकडं वळून बघायला लागली. वीस बाया बघत होत्या. मंजुळाबाईची मान खाली होती.

मनकर्णाला त्या दिवशी भाकर गोड लागली. पण तेवढ्यानं पोट भरलं नाही. हे भिकाचं झालं. तिच्या डाव्या हाताचं काय? मंजुळाबाईनं गावासमोर 'म्या दिला डाग' असं म्हणेपर्यंत ती थांबायला तयार नव्हती. पोर पुन्हा वळ घेऊन येईल, पुन्हा, मग तिसऱ्यांदा, आणि एक दिवस सगळं जुनं बाहेर काढता येईल, असा तिचा हिशेब होता. म्हणजे शुक्रवारी शुक्रवारी ती एका लेकराच्या पाठीवर वळांची वाट बघत बसली होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं स्वतःला शिवी घातली, आणि तरी वाट बघतच राहिली.

दुसऱ्या घरचे वळ मात्र तिला नको असत. त्यांनी तिच्या खटल्यात उगाच गर्दी व्हायची. पार्वती नावाच्या एका बाईची जुळी पोरं मांड्या लाल करून आली, तर मनकर्णा दुसऱ्या दिवशी चिडूनच तिच्या घरी गेली. बघते तर पार्वतीला चार दिवसांत झोप नव्हती. दूध पुरेना, नवरा रानात, सासू आंधळी. लेकरं रडली की ती अफूची गोळी चाटवायची आणि तरी रडली की चापट्या. "आण ते दोघं हिकडं, आन् नीज तू," मनकर्णा खेकसली. संध्याकाळपर्यंत ती दोन्ही पोरं घेऊन बसली. येताना अफूची डबी उचलून आणली आणि वाटेत कयाधूत फेकली. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मग तिच्या खोपटापुढच्या लिंबाला झोळ्या लागल्या, आधी दोन, मग सात. ज्यांना घरात लेकरावर हात उचलावासा वाटे त्या बाया तासभर लेकरू तिच्या झोळीत टाकून जात. बाया तिला देवमाणूस म्हणू लागल्या. तिला त्या शब्दाचा संताप येई. देवमाणूस असती तर तिनं मंजुळाबाईच्या नावानं रोज बोटं मोडली असती का?

पावसाळा सरता सरता एका दुपारी मंजुळाबाई तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. दहा वर्षांत पहिल्यांदा. धापा टाकत होती.

"माझा हात बांधून ठिवला तू," ती ओरडली. "पोरीनं घागर फोडली. मारलं तं शुक्रवारी दिसतंय. न्हाई मारलं तं माझं डोकं फुटून राहिलं. काय करू म्या? सांग की! लई शहाणी हायस नं?"

मनकर्णानं तिच्याकडं वर-खाली बघितलं. कोपऱ्यात उखळ होतं, शेजारी लाल मिरच्यांचं पोतं.

"मारावंसं वाटलं की घरातून निघायचं आन् हितं यायचं," ती म्हणाली. "ही मिरची कांडायची. हात थांबंल तवा परत जायचं."

मंजुळाबाईनं मुसळ उचललं. खरंच उचललं. दुपारभर तिनं मिरची कांडली, शिंकत, खोकत, डोळे पुसत, आणि पुसल्यानं डोळे आणखी चुरचुरत. मनकर्णा उंबऱ्यावर बसून बघत राहिली. जिनं तिला 'इथं जागा न्हाई' म्हटलं ती तिच्याच अंगणात तिचीच मिरची कांडत होती. असं सुख देव रोज देत नाही. तिनं ते निवांत घेतलं.

त्या साली मंजुळाबाई तेवीस वेळा आली. गावातल्या कुणाच्याच घरी मनकर्णाच्या घराइतकं तिखट नव्हतं. दुसऱ्या साली नऊ वेळा आली. तिसऱ्या साली दोनदा. मग येईनाशीच झाली आणि मनकर्णाला स्वतःची मिरची स्वतः कांडावी लागली, त्याचाही तिला राग आला.

खरा राग वेगळाच होता. शुक्रवारी भिका कोरी निघत होती. महिनोन् महिने. पाठ गुळगुळीत, दंड गोरटेले, गुडघ्याला खेळताना खरचटलेलं सोडलं तर अंगावर काही नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे पोर हसत होती. आजीच्या पदराला धरून घाटावर यायची, आजीच्या मांडीवर बसून केस विंचरून घ्यायची. "आजी, आत्याला सांग, आपून कोंबडी घेतली," असं सांगत सुटायची. मंजुळाबाई पोरीच्या तोंडाकडं बघताना कशी दिसायची ते मनकर्णा चोरून बघे. असं तोंड तिनं लहानपणी कधीच पाहिलं नव्हतं. सूड म्हणून तिनं त्या बाईचा हात धरला, आणि त्या हाताला नातीची माया लागली! जे तिला मिळालं नाही ते तिनंच आपल्या शत्रूच्या घरात नेऊन ठेवलं होतं.

जर्मन-जपानच्या लढाईचं शेवटचं वर्ष होतं. हिंगोलीतही रॉकेलचा तुटवडा होता. भिका दहा वर्षांची झाली होती. एवढ्या मोठ्या पोरी घाटावर उघड्या करत नसत, त्यामुळं आता तिला दाखवायची गरज नव्हती, पण एका शुक्रवारी मंजुळाबाई तिला घेऊन आली होती, शेवटचं तेल लावून घ्यायला. घाटावर बायांची दाटी होती. तेवढ्यात पार्वतीचं धाकटं शेवाळावरून घसरलं आणि पाण्यात गेलं. मनकर्णा जवळ होती. तिनं कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली, पोराला कमरेला धरून बाहेर काढलं, पालथं करून पाठीवर थोपटलं, आणि पोर रडल्यावरच श्वास सोडला. तिची चोळी निथळत होती. डावी बाही दगडाला घासून फाटली होती, मनगटापासून कोपरापर्यंत. तिच्या ते लक्षातच नव्हतं.

भिकाच्या लक्षात आलं.

"आत्या," ती जवळ येऊन म्हणाली, "तुझ्या हाताला काय हाय हे?"

उलथन्याचा डाग होता, पुढं रुंद, मागं निमुळता, त्वचा आखडून चकचकीत झालेली. उलथनं ओळखायला बाईला वेळ लागत नाही. मंजुळाबाई चार हातांवर बसली होती.

मनकर्णाच्या ओठांवर ते जुनं उत्तर आपोआप आलं. चुलीत हात गेला. तेवढं म्हटलं असतं तर पोरीची आजी पोरीलाच राहिली असती. पण एकतीस वर्षं ते उत्तर तिच्या घशात काट्यासारखं होतं. ते पुन्हा उच्चारायला ती तयार नव्हती, भिकासाठीसुद्धा नाही.

"तुझ्या आजीला इचार," ती म्हणाली.

भिकानं वळून बघितलं. "आजी?"

मंजुळाबाईचा हात तोंडाशी गेला. तिनं सटवाईच्या दगडाकडं बघितलं, मग बायांकडं, मग पोरीकडं. मनकर्णा तिच्यावरची नजर काढत नव्हती. बोल, तिच्या मनात चाललं होतं. बोल, नाहीतर आज मीच बोलते.

"म्या," मंजुळाबाई म्हणाली.

"काहून?"

"भाकर जळाली व्हती... म्हणून."

भिका विचारात पडली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. "पण आजी," ती म्हणाली, "म्या तं किती जाळल्या."

मंजुळाबाईची मान खाली गेली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. जे मनकर्णानं सात वर्षांची असल्यापासून मागितलं होतं ते सगळं घाटावर झालं होतं, वीस बायांसमोर, देवीसमोर. तिनं आनंदाची वाट बघितली. थोडा आला. मग त्या पोरीचं वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. किती जाळल्या! कोळसा झालेल्या सगळ्या भाकरी आणि त्यावर कुणी ओरडलंही नाही असं एक घर तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, आणि त्या घरात आपण का नव्हतो, या दुःखानं ती आतून हलली.

भिका मात्र नियमानं वाढलेली पोर होती. तिनं दगडावरची बुधली उचलली आणि आजीपुढं धरली.

"ज्याचा वळ, त्याचं तेल," ती म्हणाली. "लाव."

"लई जुना हाय पोरी तो," मंजुळाबाई पुटपुटली.

"मंग?" भिका म्हणाली.

मंजुळाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत मनकर्णासमोर येऊन बसली. तळव्यावर तेल घेतलं. मनकर्णाला वाटलं, हात झटकावा, थोबाडीत मारावी, चालतं व्हावं. पण तिनं हात पुढं केला. हा तिचा हक्काचा वसूल होता, तो का सोडायचा?

बोटं डागाला लागली. कधीकाळी तिची मिरची कांडलेली, घट्टे पडलेली म्हाताऱ्या बाईची बोटं होती ती. मनकर्णाला आठवलं की आई गेल्यापासून तिच्या अंगाला कुणी तेल लावलेलं नव्हतं. अख्ख्या गावाच्या लेकरांना तिनं लावलं, तिला कुणी नाही. तिला रडू फुटलं. ती मोठ्यानं रडली, लेकरासारखी, आणि रडता रडता त्या म्हातारीचा तिला पूर्वीइतकाच राग येत होता. मंजुळाबाईनं एकदा "पोरी" म्हटलं.

"पोरी म्हणायचं न्हाई मला," मनकर्णा म्हणाली. मंजुळाबाईनं मान डोलावली आणि तेल लावत राहिली.

बाया उठल्या, लेकरांना कपडे घालू लागल्या. बुधलीतलं तेल संपलं तेव्हा मंजुळाबाईनं हात पदराला पुसले. भिका तिच्या शेजारी उभी होती. आजीचा हात तिनं आपल्या हातात घेतला, तळवा उताणा करून बघितला, उलटा करून पाठ बघितली, जशी आत्या लेकरांची अंगं बघते तशी. मग तो हात सोडला नाही, तसाच धरून ठेवला.

दोघी चढावर लागल्या तशी मनकर्णानं मागून हाक मारली.

"मंजुळाबाई."

म्हातारी थांबली.

"पुढल्या शुक्रवारी बी यायचं. त्याच्या फुडल्या बी. डाग जाईस्तोवर."

एकतीस वर्षांचा डाग जात नसतो, हे घाटावरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मंजुळाबाईलाही माहीत होतं.

"येते," ती म्हणाली, आणि नातीचा हात धरून घराकडं गेली.